कानसेनचं कुलूप

माणसानं विश्वास ठेवावा अशी जगात एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे कुलूप, असं रणजित चौगुलेचं मत होतं. भाऊ वाटणी मागतात, मित्र पलीकडच्या गल्लीत स्वतःचं गॅरेज काढतात, पोरं बंगळूरला जातात. कुलूप मात्र ज्यानं लावलं त्याचंच राहतं. हे मत तो चहा पिताना मांडायचा, सभेत मांडायचा, आणि एकदा तर मेहुण्याच्या साखरपुड्यात आहेराचं पाकीट हातात धरून त्यानं ते मांडलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजच्या शटरचं कुलूप मात्र दोन वर्षांपूर्वी किल्ली हरवल्यापासून कडीत नुसतंच अडकवलेलं असायचं. चोरांना हे माहीत नव्हतं, आणि रणजितला ते मान्य नव्हतं.

तसंही त्याचं खरं कुलूप शटरला नव्हतंच. ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांत बसून गावभर फिरत होतं.

२०३८ साली पेट्रोल असं पेट्रोल राहिलेलं नव्हतं. पंपावर मिळायचं ते मिश्रण, आणि त्यात इथेनॉल किती असायचं हे ऊस ठरवायचा. गळीत हंगाम जोरात असला की शेकडा सत्तर. कारखान्यांची धुराडी थंड पडली की तीस. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जास्त ओतावं लागतं, आणि त्याला ठिणगी जरा आधी दिली तरी इंजिन ठोकत नाही, म्हणजे आतून ठकठक वाजत नाही. म्हणजे आज ज्या आकड्यांवर गाडी पळते, त्याच आकड्यांवर पुढच्या आठवड्यात ती खोकते. गाडी बनवणाऱ्यांनी दिलेला संगणक ह्यातून वाट काढायचा, पण जुन्या कारकुनासारखी: कुणाचं नुकसान नको आणि कुणाचं भलंही नको.

म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं कानसेन आणला. गाडीत बसवायची ही चपटी डबी. चाकं जागच्या जागी फिरतील अशा रोलरवर गाडी चढवायची, डबी जोडायची आणि इंजिन चालू ठेवायचं. इंजिनाच्या संगणकात एक मोठा तक्ता असतो: इतके फेरे आणि इतका दाब असेल तर इंधन एवढं, ठिणगी एवढी आधी. त्या तक्त्यातली शेकडो घरं कानसेन मिनिटाला हजार वेळा बदलून बघायचा. ताकद मोजायचा, धूर मोजायचा, मायलेज मोजायचा. त्याला फक्त एक गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे थांबणं. ताकद वाढली की मायलेज उतरायचं, मायलेज वाढलं की गाडी मरगळायची, आणि ह्यातलं कुठलं इंजिन माणसाला आवडेल हे कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी शेजारी एक जाणकार उभा करावा लागायचा. तो डोळे मिटून ऐकायचा, आणि इंजिन सुरात आलं की म्हणायचा, “बास.”

कानसेन तिथं थांबायचा. तक्ता गोठायचा. आणि जाणकाराची इच्छा असेल तर तो ‘बास’च त्या तक्त्याची किल्ली व्हायचा. मग तोच माणूस समोर बसून तोच शब्द उच्चारेल तेव्हाच तक्ता उघडणार. रेकॉर्डिंग चालायचं नाही, नक्कल चालायची नाही, संगणकानं बनवलेला आवाज चालायचा नाही. कानसेनला शब्दाआधीचा श्वास ऐकू यायचा आणि छातीचा घुमार कळायचा. जिवंत गळाच लागायचा.

कुलूप लावायचं की नाही, हे कंपनीनं ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलं होतं. रणजितकडे विवेक नव्हता असं नाही, पण त्याच्याकडे मगदूम होता.

प्रफुल्ल मगदूम एके काळी त्याचा भागीदार होता. आता पलीकडच्या गल्लीत त्याचं काचेच्या भिंतीचं गॅरेज होतं. मगदूम कुलूप लावत नसे. गिऱ्हाइकाला सगळा तक्ता मोबाइलवर पाठवून द्यायचा, वर “काही शंका असेल तर विचारा,” असंही म्हणायचा. शिवाय त्याच्या अंगाला ऑइलऐवजी साबणाचा वास यायचा, हे रणजितला विशेष खुपायचं. आपण केलेल्या गाडीत मगदूमनं डोकावावं, घरं मोजावीत, “हं, इथं चुकलाय बघा,” असं गिऱ्हाइकाला सांगावं, ह्या नुसत्या कल्पनेनं रणजितची झोप उडायची. म्हणून त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी बंद होती. घरची, बायकोची गाडीसुद्धा.

“पण चौगुले, गाडी माझी आहे की तुमची?” डॉक्टर पाटणे त्या दिवशी सकाळी विचारत होते. पाटणे दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी रोलरवरून नुकतीच उतरली होती.

“गाडी तुमचीच की. मी कधी चालवायला मागितली?”

“मग माझ्याच इंजिनात काय भरलंय ते मला का दिसत नाही?”

“डॉक्टर, तुम्ही पेशंटच्या हातात पक्कड देता काय, घ्या उपटून म्हणून?”

“पक्कड देत नाही. पण आरसा देतो. तोंड त्याचं असतं.”

रणजितनं हात पुसले. उत्तर सुचेपर्यंत तो नेहमी हात पुसायचा. “मंगळवारी या आमच्या असोसिएशनच्या सभेला. मी ठरावच आणतोय. कोल्हापुरातल्या प्रत्येक ट्यूनरनं कुलूप लावलंच पाहिजे. तुमच्याच भल्यासाठी आहे. उद्या कोण तरी उगाच दोन आकडे हलवणार, पिस्टन वितळणार, आणि नाव कुणाचं जाणार? चौगुलेचं.”

इतक्यात फाटकातून वृषालीची गाडी आत आली. वृषाली म्हणजे रणजितची बायको. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. कारखान्याकडे जाता जाता रणजितचा घरी विसरलेला चष्मा द्यायला ती थांबली होती. इंजिन चालू ठेवूनच तिनं काच खाली केली.

“हा घ्या. फ्रीजमध्ये होता.”

“फ्रीजमध्ये कसा काय?”

“ते तुम्ही सांगायचं. येते.”

गाडी वळून निघून गेली. पाटणे तिच्यामागं बघत राहिले. बघत नव्हते, ऐकत होते.

“काय गोड चालतीय हो वहिनींची गाडी! चौगुले, मला असंच करून द्या की.”

“तुमची तशीच केलीय.”

“छे! माझी घशात बोलते. ही गातीय.”

रणजितनं पुन्हा हात पुसले, कारण डॉक्टरांचं बरोबर होतं. ही गाडी वर्षापूर्वी त्यानंच सुरात लावली होती आणि आत्ता जो सूर गेला तो त्याचा नव्हता. त्याच्यापेक्षा बरा होता. रविवारी दोघं ह्याच गाडीतून गारगोटीला वृषालीच्या बहिणीकडे जात. पण गाडीत बसला की रणजित रस्त्यावरच्या इतरांच्या गाड्या ऐकायचा आणि त्यांना नावं ठेवायचा. घरच्या गाडीकडे कोण कान देतंय? आता दिला, तर ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताला लागून आलेली.

संध्याकाळी वृषाली भाजीला गेली तशी त्यानं पार्किंगमध्ये जाऊन कानसेनच्या नोंदी दाखवणारा टेस्टर लावला. दोन ओळी उमटल्या.

‘उघडले: ९ वेळा. किल्ली: उस्तादांचा आवाज.’

उस्ताद म्हणजे तोच. कंपनीची भाषा अदबशीर होती. वेळ आणि तारीख दाखवायची सोय तिनं महागड्या मॉडेलमध्ये ठेवली होती. रणजितनं स्वतः ते एकदाही उघडलं नव्हतं; त्या नऊच्या आकड्याकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. कुलूप फुटलं असतं तर एक वेळ समजूत घालता आली असती. ते फुटलं नव्हतं. अगदी रीतसर, नम्रपणे, त्याच्याच आवाजाला उघडलं होतं. म्हणजे ह्या गावात त्याच्या गळ्याचा दुसरा एक पुरुष होता, तो वृषालीच्या गाडीत नऊ वेळा बसला होता, आणि त्याचा कान रणजितपेक्षा चांगला होता. ह्या तीनपैकी तिसरी गोष्ट त्याला सर्वात जास्त लागली, हे त्याच्या लक्षात आलं, आणि मग त्याचाही त्याला राग आला.

जेवताना त्यानं तपास सुरू केला.

“गाडी कशी चालतीय?”

“झकास.”

“आधीपेक्षा?”

“आधीपेक्षा कितीतरी.” वृषालीनं भाकरी वाढली. “का हो?”

“काही नाही. कोण बसतं काय गाडीत तुझ्या?”

“लॅबमधल्या कुलकर्णी मॅडम बसतात कधी कधी.”

“पुरुष कोण?”

“तुम्ही.”

ह्यावर रणजितनं मौन धरलं. मौनात फक्त एक अडचण होती. तो बोलेना, म्हणून वृषाली वाढत राहिली. दुसरी भाकरी झाली, तिसरी झाली. चौथी ताटात पडली तेव्हा त्यानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तीही त्या कटात सामील आहे.

“असं काय बघताय? बास झालं तर बास म्हणा की. म्हटल्याशिवाय मला कसं कळणार?”

तो म्हणाला नाही. चौथी भाकरी अभिमानानं खाल्ली आणि रात्रभर कुशी बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मगदूमच्या गॅरेजमध्ये गेला. भागीदारी मोडल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. काचेच्या भिंतीतून मगदूमनं त्याला येताना पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला.

“रणज्या? वाट चुकलास काय?”

“माझी बायको इथं येती काय?”

मगदूमनं आधी शांतपणे दोन्ही पोरांना चहाला पिटाळलं. मग म्हणाला, “लेका, प्रश्न जरा नीट इचार. वहिनी येत असत्या तरी गाडी घेऊन आल्या असत्या. आणि गाडी घेऊन आल्या असत्या तर मी पहिला तुला फोन केला असता, चिडवायला. एवढी संधी मी सोडंन?”

हे पटण्यासारखं होतं. मगदूमचा स्वभाव रणजितला माहीत होता. त्यानं मोबाइल काढला. सकाळी वृषाली निघताना खिडकीतून त्यानं तिच्या गाडीचा आवाज घेतला होता. तो त्यानं लावला.

मगदूमनं डोळे मिटले. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं. ते हळूहळू गेलं.

“परत लाव.”

रणजितनं परत लावलं.

“हे तुझं न्हवं,” मगदूम म्हणाला. “तू ठोका सुरू व्हायच्या अलीकडं चार घरं थांबतोस. भित्रा हाईस. मी एक घर थांबतो, माझं चुकतं. ह्यो दोन घरं थांबलाय. नेमका.” त्यानं डोळे उघडले. “कोण हाय रे ह्यो?”

“तेच विचारायला आलोय.”

“सांगलीचा हाय काय?”

“मला काय माहीत?”

“आणि एक सांगू? उद्या पंपावर कसलं मिश्रण येणार हे ठाऊक असल्यागत काम हाय. आपण टाकी भरल्यावर शोधत बसतो. ह्यानं आधीच घरं मांडून ठेवल्यात.” मगदूम उठून येरझारा घालायला लागला. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता. “तीस वर्षं ह्या धंद्यात घातली. कोण तरी उपटसुंभ येतो आणि...”

रणजितला जरा बरं वाटलं. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं तसा मत्सरही होत असावा. दोघांनी एकमेकांसमोर बसून कधी नव्हे तो चहा घेतला, आणि गावातल्या प्रत्येक मेकॅनिकचं नाव घेऊन त्याची लायकी काढली.

जाता जाता मात्र ‘उद्या पंपावर काय येणार’ हे वाक्य रणजितच्या डोक्यात रुतून बसलं. पंपावर काय येणार हे कुणाला माहीत असतं? पंपवाल्याला! तो तडक वृषाली नेहमी टाकी भरायची त्या पंपावर गेला. पंपाचे मालक ऐंशीच्या घरातले होते, त्यांची कवळी त्या वेळी पाण्याच्या ग्लासात होती, आणि त्यांच्या तोंडून कुठलाच शब्द कुणाच्याच गळ्याचा निघत नव्हता. रणजितनं हवा भरून घेतली आणि परत आला. रोज सकाळी कारखान्याच्या टँकरमधलं इथेनॉल तपासून कागदावर सही करणारी बाई त्याच्याच घरात राहते, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. तो पुरुष शोधत होता.

रविवारी त्यानं सापळा लावला. टेस्टर वायरलेस करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वृषालीच्या गाडीचं कुलूप उघडताक्षणी तो वाजेल अशी व्यवस्था केली. आज रविवार, आज काही होणार नाही, हे त्याला माहीत होतं, कारण आज तो स्वतः गाडीत असणार होता. पण सोमवारपासूनची रंगीत तालीम म्हणून ठीक होतं.

गारगोटीच्या वाटेवर मुदाळ तिट्ट्याला वृषालीनं नेहमीप्रमाणे गाडी कडेला घेतली. इथं दोघं थर्मासमधला चहा घेत आणि घरचं भडंग खात. इंजिन चालूच होतं. एसीसाठी, असं ती म्हणायची. रणजित काचेतून तिट्ट्यावरची माणसं निरखत होता. पानपट्टीवाला, एसटीची वाट बघणारे दोघं, मोटरसायकलवरचा एक मिशीवाला. कुणाचा गळा कसा असेल?

“हात करा,” वृषाली म्हणाली.

त्यानं न बघता ओंजळ पुढं केली. तिनं डब्यातून भडंग ओतलं.

“अजून घालू?”

मिशीवाल्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “बास.”

खिशातला टेस्टर केकाटला.

रणजितनं दार उघडून बाहेर झेप घेतली. भडंग सगळं सीटवर सांडलं. त्यानं गाडीच्या मागं बघितलं, खाली वाकून बघितलं, मिशीवाल्याकडे रोखून बघितलं. मिशीवाला घाबरून निघून गेला. मग त्यानं टेस्टर काढला. ‘उघडले: १० वेळा. किल्ली: उस्तादांचा आवाज.’ त्यानं गाडीत वाकून पाहिलं. पडद्यावर सगळा तक्ता हिरवागार उघडलेला होता आणि वर कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘स्वर जुळला. उस्तादांना प्रणाम.’

गाडीत माणसं दोनच होती, आणि त्यातला एक आत्ता बाहेर उभा होता.

“बसा आत,” वृषाली म्हणाली. “लोक बघायला लागलेत.”

तो बसला. सीटवर भडंग चुरडलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“हा दहावा रविवार.”

“माझ्या देखत?”

“तुमच्या देखतच करावं लागतं. तुमच्याशिवाय ते उघडतच नाही. मोबाइलवर आवाज घेऊन बघितला, पण तो खोटा आहे हे ओळखलं त्यानं. मग इथं बटण दाबायचं, भडंग वाढायचं आणि विचारायचं, अजून घालू का? तुम्ही म्हणायचं बास. आणि हात धुवायला उतरला की तेवढ्यात मी आकडे भरते.”

“मला न सांगता?”

“तीनदा विचारलं होतं की मला आत बघायचंय म्हणून. तुम्ही म्हणालात, त्यात बायकांनी बघण्यासारखं काही नसतं.”

“असं म्हणालो मी?”

“एकदा ‘बायकांनी’ म्हणालात. दोनदा नुसतंच ‘काही नसतं’ म्हणालात.”

रणजितनं तक्त्याकडे बघितलं. घरं बघितली. ठोक्याच्या अलीकडं दोन घरं. आणि तक्ते पाच होते, एकावर एक रचलेले: तीस टक्क्यांचा, चाळिसाचा, थेट सत्तरपर्यंत. ज्या दिवशी जो टँकर तिच्या सहीनं सुटेल, त्या दिवशीचा तक्ता ती पुढं घेत होती; भरून ठेवलेल्यातला एक निवडायला किल्ली लागत नव्हती.

“तुला हे कुणी शिकवलं?”

“बावीस वर्षं जेवताना तुम्ही दुसरं काय बोललात? आमटीत मीठ कमी आहे, एवढं एक वाक्य सोडून.”

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. दुसरा पुरुष नव्हता. दुसरा गळा नव्हता. हे समाधान साधारण अर्धी मूठ भडंग खाऊन होईपर्यंत टिकलं. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. पुरुष असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याच्या गॅरेजसमोर उभं राहून त्याची आयमाय काढता आली असती. आपल्या बायकोचा कान आपल्यापेक्षा नेमका आहे, ह्याचं भांडण कुणाच्या दारात जाऊन करायचं?

“मगदूम म्हणाला, नेमकं काम आहे,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

वृषालीचा हात डब्यातच थांबला. “मगदूमभावजींनी ऐकलं?”

“ऐकवलं मी. चोर शोधायला.”

“काय म्हणाले? नीट सांगा.”

“म्हणाला, बरं आहे.”

“आत्ता नेमकं म्हणालात. शब्दाला शब्द सांगा.”

आणि रणजितला सांगावं लागलं. तो चार घरं थांबतो म्हणून भित्रा, मगदूम एक घर थांबतो म्हणून चुकतो, आणि हा जो कोण आहे तो नेमका. मगदूमला घाम फुटला होता, हेही सांगावं लागलं. सांगताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. बाईच्या चेहऱ्यावर असं तेज त्यानं लग्नातल्या फोटोतही बघितलं नव्हतं. त्यात तर तिचे डोळे मिटलेले आले होते. मगदूमसारख्या माणसाचा मत्सर मिळवायला रणजितला एक जन्म कमी पडला होता, आणि हिनं तो चहाच्या वेळात मिळवला होता.

“तुमच्या हल्लीच्या कामाबद्दल काय म्हणतात ते?” तिनं सहज विचारलं.

“भागीदारी मोडल्यावर माझं काम त्यानं कुठं बघितलंय?”

“का?”

“कुलपात...” तो थांबला.

वृषालीनं गाडी गिअरमध्ये टाकली. “मंगळवारी ठराव करा तुम्ही खुशाल. पण ह्या गाडीला परत कुलूप लावणार असाल तर ह्या वेळी ‘बास’ मी म्हणणार.”

गाडी गारगोटीच्या रस्त्याला लागली. इंजिन गात होतं. रणजितनं दोन्ही कानांनी ते पहिल्यांदा पुरतं ऐकलं, आणि त्याला एकही चूक सापडली नाही. चूक सापडली असती तर रविवार बरा गेला असता.

मंगळवारी संध्याकाळी असोसिएशनची सभा भरली. साठ-सत्तर ट्यूनर, निळ्या खुर्च्या, हार न घातलेली समई. मागच्या ओळीत मगदूम पायावर पाय टाकून बसला होता. त्यानं रणजितला बघून भुवई उडवली: सापडला काय? रणजितनं मान हलवली: नाही.

अध्यक्षांनी ठराव वाचला. प्रत्येक सभासदानं गिऱ्हाइकाच्या गाडीतला तक्ता कुलूपबंद करणं बंधनकारक. सूचक, रणजित चौगुले. त्यांनी दोन शब्द बोलावेत.

रणजित उठला. त्याच्या खिशात भाषण होतं. पिस्टन वितळण्याचे तीन प्रसंग, पक्कडीचं उदाहरण, शेवटी शिवकालीन किल्ल्यांचे दरवाजे. त्यानं समोर बघितलं. ह्या साठ माणसांपैकी एकानंही त्याचं हल्लीचं काम पाहिलेलं नव्हतं. चार वर्षांत त्यानं जे जे सुरात लावलं ते सगळं डब्यांत बंद होऊन उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात फिरत होतं. बघायला कुणी नाही, म्हणून जळायलाही कुणी नाही. आणि बायकोचं एकच इंजिन तीस सेकंद ऐकून मगदूमला घाम.

“ठराव मी मागं घेतोय,” तो म्हणाला.

सभेत गलका झाला. कुणी तरी ओरडलं, “का रं? काय झालं?”

“गाडी गिऱ्हाइकाची. आकडे गिऱ्हाइकाचे. बघू दे त्याला. आम्ही काय लपवतोय?” रणजितचा आवाज चढला. “बघू दे सगळ्यांना! मगदूमलाही बघू दे! चौगुलेनं कुठल्या घरात काय भरलंय ते एकेक घर मोजून बघू दे!”

टाळ्या पडल्या. तत्त्वासाठी आपला ठराव गिळणारा माणूस उद्यमनगरात रोज बघायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी आल्या; त्यात ‘ग्राहकहक्क’ हा शब्द दोनदा होता. वृषालीनं त्या वाचून दाखवल्या आणि पेपरची घडी घातली. मग त्याच्या पानात भाजी वाढताना, तो ‘बास’ म्हणायची वाट बघत थांबली.

पुढचे तीन आठवडे त्यानं गिऱ्हाइकांना फोन करकरून बोलावलं. एकूण चारशे बारा गाड्या होत्या. प्रत्येकीत बसून बटण दाबायचं आणि म्हणायचं, “बास.” दोनशेव्या गाडीला गळा बसला, कानसेन ओळखच दाखवेना. तीन दिवस मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या, मग पुन्हा सुरू. शेवटची गाडी उघडली त्या दिवशी त्यानं टेस्टर टेबलावर नीट मांडून ठेवला. कुठलंही गिऱ्हाईक आपला तक्ता उघडून बघेल तेव्हा इथं नोंद होणार होती. आकडे बघून लोक थक्क होतील, एकमेकांना दाखवतील, कुणीतरी ते मगदूमकडे घेऊन जाईल. मगदूमसाठी त्यानं एक उत्तरही तयार ठेवलं होतं: चार घरं सोडतो ते भीतीपोटी नाही, गिऱ्हाइकाच्या इंजिनाला माया लागते म्हणून.

वृषाली रोज कारखान्यातून आली की विचारायची, “आला काय कुणाचा फोन?”

“येईल. लोक सवडीनं बघतात.”

“हो, अभ्यास करावा लागतो त्याला,” ती म्हणायची, आणि त्याला कळायचं नाही की ही चेष्टा आहे की दिलासा.

सहा महिन्यांत चारशे बारापैकी तिघांनी तो तक्ता उघडला. रणजितनं तिघांनाही फोन करून विचारलं. दोघं जण गाडीतलं घड्याळ पाच मिनिटं पुढं करायची सोय शोधत होते. तिसऱ्याचा हात चुकून लागला होता.